चौदा नंबरचा बिल्ला

१

जहाज बघितल्याबरोबर आमची ही म्हणाली, "एवढंसं?"

लेकीने सांगितलं होतं, छोटं म्हणजे खास. मोठी जहाजं म्हणजे तरंगता बाजार, तिथे माणसाला माणूस दिसत नाही. हे मोजक्या चाळीस प्रवाशांचं, राजेशाही थाटाचं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिने ही सहल आम्हाला भेट दिली होती. माहितीपत्रक तर इतकं गुळगुळीत होतं की हातातून सटकायचं. त्यातल्या फोटोत खोलीची खिडकी भिंतभर होती आणि खिडकीत नुसता निळा समुद्र होता. आमच्या सात नंबरच्या खोलीला खिडकी होती, नाही असं नाही, पण तिच्या अगदी समोर लाइफबोट टांगलेली होती. पडदा सरकवला की एक नारिंगी पोट दिसायचं. तीन दिवस आम्ही त्या पोटाकडे बघत सकाळचा चहा प्यायलो.

सूप कोमट यायचं. न्हाणीघरातल्या टबात बसायचं तर गुडघे बाहेर ठेवावे लागायचे. संध्याकाळी एक गृहस्थ व्हायोलिन वाजवायचे. त्यांना तीन धुना येत होत्या आणि चौथी येत नाही हे त्यांना लपवता येत नव्हतं. एकूण प्रकार नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असा.

ही तीस वर्षं शिवणवर्ग चालवत होती. उसवलेली शिवण तिला दहा फुटांवरून दिसते. पहिल्या दिवशी तिने वाढप्याला पडद्याची वाकडी पट्टी दाखवली, दुसऱ्या दिवशी सूप दोनदा परत पाठवलं, आणि मधल्या वेळात माझ्यापुढे गाऱ्हाणी मांडली. मी पेपर वाचत हं हं करत होतो. खोटं कशाला बोलू, मला त्यात बरं वाटायचं. घरात पंखा चालू असावा तशी तिची कुरकुर मला लागते. नेमकं काय म्हणते ते मी दर वेळी ऐकतोच असं नाही, पण पंखा बंद पडला की मला जाग येते.

२

त्या जहाजावरची एकच गोष्ट मला मनापासून आवडली होती, ती म्हणजे बिल्ल्यांचा फळा.

बाहेर पडायच्या दाराजवळ, शिडीच्या तोंडाशी, भिंतीवर एक लाकडी फळा होता. त्यावर चाळीस खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर आकडा घातलेला एक गोल बिल्ला. बिल्ल्याची एक बाजू पांढरी, एक लाल. किनाऱ्यावर उतरताना आपला बिल्ला लाल करायचा, परत आलात की पांढरा. फळा पूर्ण पांढरा झाला की जहाज सुटायचं. माझा नंबर तेरा, हिचा चौदा. फळ्यापाशी एक अधिकारी उभा असायचा, पन्नाशीचा, गणवेशाला अशी कडक इस्त्री की बाही वाकवली तर मोडेल. त्याचं नावच आम्ही कडक इस्त्री ठेवलं होतं.

मी एकतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेतली. तिथेही असाच फळा, असेच बिल्ले, फक्त नऊशे. त्यामुळे इथला फळा बघून मला माहेरी आल्यासारखं झालं. आमच्याकडे एक नियम दगडावरची रेघ होता: दुसऱ्याचा बिल्ला लावायचा नाही. "तो येतोच आहे साहेब, चहाच्या टपरीवर आहे," असं म्हणून मित्राचा बिल्ला लावणारे मी कितीतरी पकडले. त्यांना मी एकच गोष्ट सांगायचो. बाबांनो, उद्या आत आग लागली तर मी हा फळा बघणार. फळा म्हणेल तो आत आहे. मग मी त्याला आत शोधणार, टपरीवर नाही.

आणि असं सांगणारा मी, या जहाजावर पहिल्या दिवसापासून हिचा बिल्ला फिरवत होतो. हिला चष्म्याशिवाय आकडा दिसत नाही, चष्मा पिशवीच्या तळाशी असतो, तो शोधेपर्यंत मागे रांग खोळंबते. ती माझ्या पाठीशीच उभी असायची. म्हटलं, यात काय एवढं. दोन बोटांनी दोन बिल्ले, तेरा आणि चौदा. सवय लागायला दोन दिवस पुरतात.

३

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला जहाज एका बेटाच्या धक्क्याला लागलं. साडेबारापर्यंत परत या, एकला सुटणार, असं सांगितलं होतं. बेट म्हणजे एक रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरी घरं, आठ-दहा दुकानं आणि शेवटी दीपगृह. माहितीपत्रकात यालाच 'अस्पर्श स्वर्ग' म्हटलं होतं. हिने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "स्पर्श करावा असं आहे काय इथे?"

हिचा उजवा गुडघा दुखतो. दीपगृहापर्यंत जाऊन येताना ती तीनदा बसली. परतीच्या वाटेवर कापडाचं एक दुकान लागलं, आणि तिथे मात्र तिचा चेहरा उजळला. हातमागाच्या कापडाचे तागे होते, बटणांच्या बरण्या होत्या. ती आत शिरली ती शिरलीच. मी दारात उभा राहून घड्याळ बघत होतो. साडेबाराला जेवण सुरू व्हायचं आणि खिडकीजवळच्या चार टेबलांवर जो आधी बसेल त्याचा हक्क. दोन दिवस आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी बसून जेवलो होतो. आज खिडकी सोडायची नाही असं मी ठरवलं होतं. मी तिला "ये मागून" म्हणून पुढे निघालो.

शिडीवर गर्दी होती आणि कडक इस्त्री तिथे लोकांना हात देण्यात गुंतला होता. मी वर पोचलो, फळ्यासमोर उभा राहिलो, आणि वळून बघितलं. धक्क्याच्या त्या टोकाला तिची पिवळी टोपी दिसली. आलीच की, म्हटलं. वर आली की पुन्हा चष्मा शोधणार, पुन्हा रांग. मी तेरा पांढरा केला आणि त्याच हाताने चौदाही.

मग मी वर जाऊन खिडकीचं टेबल धरलं. समोरच्या खुर्चीवर रुमाल टाकला. आमच्या टेबलावर दातांच्या एक डॉक्टरीणबाई असायच्या, एकट्याच प्रवासाला आलेल्या, त्या येऊन बसल्या. एकला भोंगा झाला. पायाखाली इंजिनाची थरथर सुरू झाली, पेल्यातलं पाणी हललं, आणि खिडकीतून धक्का हळूहळू मागे सरकू लागला.

ही आलेली नव्हती.

४

आधी खोलीत गेली असेल, हात-पाय धुवायला, असं मी स्वतःला सांगितलं. सांगितलं आणि तरी उठलो. जिना उतरून खाली आलो. त्या बोळात दहा खोल्या समोरासमोर, खाली जाड गालिचा, त्यावर स्वतःच्या पावलांचा आवाजही येत नाही. सात नंबरचं दार नुसतं लोटलेलं होतं.

ती आत होती. खिडकीशी उभी, पाठमोरी, समोरच्या नारिंगी पोटाकडे बघत.

माझा जीव भांड्यात पडला. "अगं, इथे आहेस होय! मी वर वाट बघतोय."

"हो," ती म्हणाली.

"कधी आलीस?"

"आले."

"घेतलंस काही दुकानातून?"

ती वळली. हिचाच चेहरा, हिचीच साडी, कपाळावर घामाने चिकटलेली बटही तीच. तिने माझ्याकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे."

"काय छान आहे?"

"सगळं."

मला वाटलं टोमणा आहे. मी हसलो. ती हसली नाही, रागावलीही नाही. आम्ही जेवायला वर निघालो आणि ती माझ्यापुढे जिना चढली, कठड्याला हात न लावता, एकामागून एक पाय टाकत. तीन दिवस ती त्या जिन्यावर एक पाय टाकून दुसरा त्याच्या शेजारी आणत होती.

सूप आलं. कोमट. तिने ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. जेवणाची यादी तिने हातात धरून वाचली, चष्म्याशिवाय. डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "वहिनी आज अगदी खुलल्यात! बेट आवडलेलं दिसतंय."

"छान आहे," ती म्हणाली.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तीन दिवसांची कटकट एका फेरीत संपली, सुंठीवाचून खोकला गेला. मी समोरचं खाणं चिवडत बसलो आणि खोलीत पंखा बंद पडल्यासारखं मला वाटत राहिलं.

५

जेवण झाल्यावर आम्ही मागच्या डेकवर गेलो. जहाज बेटाला वळसा घालून जाणार होतं, म्हणून दीडच्या सुमाराला तो धक्का पुन्हा एकदा नजरेत आला, डाव्या हाताला, बराच लांब. डॉक्टरीणबाईंकडे दुर्बीण होती. "बघा, किती सुंदर दिसतंय," म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

मी बघितलं. पांढरी घरं, दीपगृह, मग धक्का. धक्क्याच्या टोकाशी एक बाई उभी होती. डोक्यावर पिवळी टोपी. एका हाताने कापडी पिशवी डोक्यावर उंच धरून ती हलवत होती, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग थांबून खांदा चोळत होती, आणि पुन्हा. सगळा भार तिने डाव्या पायावर टाकला होता.

मी दुर्बीण खाली घेतली. माझ्या शेजारी, आरामखुर्चीत, ही बसली होती. हात मांडीवर. वाऱ्याने तिचे केस उडत होते आणि ती ते सारखे करत नव्हती.

"तुझी पिशवी कुठे गं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"आहे."

"आणि टोपी?"

"आहे."

आता मी कबूल करतो, मी त्याच क्षणी ओरडायला हवं होतं. जहाज थांबवा म्हणून. मी ओरडलो नाही. माणूस किती शहाणा असतो बघा. मी हिशेबाने विचार करत होतो. पिवळ्या टोप्या काय एकच असतात? लांबून सगळ्या बायका सारख्याच दिसतात. उन्हात डोळे दिपतात. आणि माझी बायको तर ही इथे हाताच्या अंतरावर बसली आहे, मी काय सांगू, कुणाला? की माझी बायको जहाजावर आहे आणि ती धक्क्यावर राहिली आहे? लोक मलाच डॉक्टरकडे नेतील. त्याच्याही खाली, अगदी तळाशी, दुसरी एक गोष्ट होती, आणि ती सांगायला मला लाज वाटते. ओरडायचं तर बिल्ला मी फिरवला हे सांगावं लागणार होतं. एकतीस वर्षं ज्या गुन्ह्याला मी माफी दिली नाही तो मीच केला होता.

पुन्हा दुर्बीण लावली तेव्हा धक्का टेकडीआड गेला होता.

"छान दिसतंय," ती म्हणाली. तिच्याकडे दुर्बीण नव्हतीच.

६

तीन वाजता आम्ही खोलीत आलो. ती पलंगाच्या कडेला बसली. मी दाराशी उभा राहिलो, दार उघडं ठेवून. वर डेकवर व्हायोलिनवाल्यांनी सरावाला सुरुवात केली होती. दुसरी धून.

मी तिला प्रश्न विचारायला लागलो. आपण शाळेतल्या गुरुजींसारखे दिसतोय हे मला कळत होतं. लेकीचं नाव? बरोबर सांगितलं. आपला पत्ता? पिनकोडासकट. कुठलं औषध चालतं तुला? कुठलंच नाही. गुडघा कसा आहे? गुडघ्याला काय झालंय, ती म्हणाली. वर्गातली तुझी ती लाडकी विद्यार्थिनी, जिच्या लग्नाचे कपडे तू शिवलेस, तिचं काय? ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर आठवण्याची धडपडसुद्धा नव्हती. विचारलंच नाही अशा थाटात ती बसून होती.

"वाढदिवस कधी तुझा?"

तिने तारीख सांगितली.

ती तारीख चुकीची नव्हती, दाखल्यावरची होती. शाळेत घालताना हिच्या वडिलांनी तोंडाला येईल ती तारीख सांगितली, ती पुढे सगळ्या कागदांवर चिकटली. घरात आम्ही त्या तारखेला हिची थट्टा करतो, "आज सरकारी वाढदिवस" म्हणतो, आणि ही दर वर्षी फणकारते. खरा वाढदिवस त्याच्या सात महिने आधी येतो. हिला झोपेतून उठवून विचारलं तरी ती खरा सांगेल.

टेबलाच्या खणात आमच्या प्रवासाचे कागद होते. हिचा अर्ज लेकीने भरला होता. मी तो काढला आणि उभ्या-उभ्या वाचला. जन्मतारीख, दाखल्याप्रमाणे. पत्ता, पिनकोडासकट. तातडीला कुणाला कळवायचं: लेकीचं नाव. चष्मा: नाही. चालण्याचा काही त्रास: नाही, आईला म्हातारी समजून नाकारतील म्हणून पोरीने दडवलं होतं. औषधं: कुठलीही नाहीत. खाण्यापिण्याच्या आवडीनिवडी: सगळं आवडतं.

कागदावर होतं तेवढं सगळं त्या पलंगावर बसलं होतं. त्यापलीकडचं काही नव्हतं.

मी वर बघितलं. ती उठून उभी राहिली होती. मला तिच्या उठण्याचा आवाज आला नव्हता. खिडकीतून येणारा उजेड लाइफबोटीवरून परतून नारिंगी व्हायचा, तो तिच्या एका गालावर पडला होता. त्या उजेडात एक क्षण मला तिचा चेहरा नीट दिसला. वाईट असं काही नव्हतं त्यात. नाक-डोळे जागच्या जागी होते. फक्त पासपोर्टच्या फोटोत माणूस जसा समोर बघतो तशी ती बघत होती, आणि किती वेळ झाला तरी तिची पापणी लवत नव्हती.

"अर्ज बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

७

मी जिना कसा चढलो मला आठवत नाही. फळ्यापाशी कडक इस्त्री काहीतरी लिहीत उभा होता.

"साहेब, माझी बायको मागे राहिली. बेटावर. जहाज थांबवा."

त्याने मान वर केली, फळ्याकडे बघितलं. "कितवा नंबर?"

"चौदा."

"चौदा पांढरा आहे, काका."

"तो मी फिरवला. ती आली नव्हती, मी फिरवला."

"पण मघाशी बाईंना मी जेवताना बघितलंय. तुमच्या शेजारीच होत्या. खोलीत बघितलंत का?"

"खोलीत आहे ती! तीच तर..." मी जिन्याकडे बोट दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर तो विशिष्ट मऊपणा यायला लागला होता, म्हाताऱ्या माणसांशी बोलताना लोक आणतात तो. कारखान्याच्या फाटकावरून मी किती जणांकडे असंच बघितलं असेल. फळा म्हणतो तो आत आहे, म्हणजे तो आत आहे.

मग मी हात घातला आणि चौदा नंबरचा बिल्ला लाल केला.

कडक इस्त्रीचा चेहरा बदलला. फळा पांढरा असेल तर तो माझं ऐकणार नव्हता, पण लाल बिल्ल्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं. एकही लाल असला तर बंदराला विचारायचं, हा त्यांचा नियम होता. नियमाने चालणारा माणूस मला ओळखता येतो. त्याने एकदा माझ्याकडे रागाने बघितलं आणि बाजूच्या छोट्या खोलीत जाऊन फोन लावला. मी दारात उभा राहिलो.

"हो... चौदा नंबर... पिवळी टोपी," तो फोनवर म्हणाला. मग बराच वेळ ऐकत राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, नजर खाली वळवली, आणि फोनवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "काका, तिथे एक बाई आहेत खऱ्या. गुडघा धरून वाटेत बसल्या होत्या, पोचेपर्यंत जहाज सुटलं. बंदराच्या कचेरीत बसल्यात."

"मग फिरवा जहाज!"

"पण त्या एकट्या नाहीत म्हणे. त्यांचे मिस्टर आहेत बरोबर. जहाज टेकडीआड गेल्यावर लगेच आले, त्यांना हात धरून कचेरीत घेऊन आले, पाणी दिलं, पायाखाली स्टूल दिलं. उद्याच्या बोटीने दोघं जातो म्हणालेत. बाईंची काही तक्रार नाही."

खोलीत कागदांचा आणि तेलाचा वास होता. मी भिंतीला टेकलो.

"तिला फोन द्या," मी म्हणालो.

८

"हॅलो? कोण आहे?"

हिचाच आवाज. दमलेला आणि चिडलेला. तो चिडका आवाज ऐकून मला रडू आलं, खरंच आलं.

"अगं, मी आहे. मी."

"कोण मी?"

"मी, जहाजावरून बोलतोय. माझं चुकलं. मीच बिल्ला फिरवला. आम्ही येतोय तुला घ्यायला, तिथून हलू नकोस. आणि तुझ्याशेजारी जो कुणी आहे ना, त्याच्याबरोबर कुठे जाऊ नकोस. तो मी नाही."

पलीकडे कुठेतरी समुद्रपक्षी ओरडत होते. मग ती फोनवर अगदी तोंड टेकवून कुजबुजली, "मला मघापासून चमत्कारिकच वाटतंय हो. हे इतके गोड बोलतायत. तीनदा विचारलं पाय दुखतोय का म्हणून. तुम्ही कधी विचारता?"

"तो मी नाहीच! ऐक माझं..."

"थांबा." तिचा वर्गातला आवाज. त्या आवाजापुढे वीस मुली गप्प बसायच्या. "मला काही कळेनासं झालंय. तो आवाज तुमचा, हा आवाजही तुमचा. एक सांगा मला. दुकानाच्या दारातून तुम्ही पुढे निघालात, तेव्हा मी तुम्हाला काय म्हटलं होतं?"

मी डोळे मिटले. दुकान दिसलं. बरण्या दिसल्या. दारात ती, हातात निळ्या कापडाचं टोक, चष्मा कपाळावर सरकवलेला. तिचे ओठ हलताना दिसले. मी घड्याळाकडे बघत होतो. बारा वाजून अठरा मिनिटं. मिनिटकाटा कुठे होता ते मला आठवत होतं, सेकंदकाटासुद्धा. तिचे ओठ हलत होते आणि त्यातून एकही शब्द येत नव्हता.

"सांगा ना," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. मी बरोबर सांगावं अशी तिची इच्छा होती, हे मला त्या आवाजात स्पष्ट ऐकू आलं.

"तू म्हणालीस... तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

मला वाटलं, लागला बाण. असंच काहीतरी म्हणाली असणार, दुसरं काय म्हणणार.

आणि मग तिच्या मागून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, मला माझा आवाज ऐकू आला. माझाच, पण त्यात घाई नव्हती. माझा आवाज असा लागू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"तू म्हणालीस, आज पाय उचलवत नाही, एवढा रस्ता माझा हात धरून चाला."

तिने एक मोठा श्वास घेतला. मग म्हणाली, "हो." ते मला म्हटलेलं नव्हतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पिशवी उचलल्याचा आला, आणि फोन बंद झाला.

मी तो कानाला तसाच धरून उभा होतो. कडक इस्त्रीने थोडी वाट बघितली आणि मग त्याने विचारलं, "काय काका, पटली का ओळख?"

"पटली," मी म्हणालो. "तिला पटली."

त्याने सुटकेचा श्वास टाकला, बाहेर जाऊन चौदा नंबरचा बिल्ला पांढरा केला, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत हसून म्हणाला, "या बाई, काका इथेच आहेत."